वडाला टांगलेली वार

मला पीएचडी मिळाली तेव्हा शेळगावला आमच्या फाट्यावर फ्लेक्स लागला होता. त्यावर माझा फोटो पासपोर्टएवढा आणि तात्यांचा पंचायत समितीला उभे असल्यासारखा. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वडील गेल्यापासून घराचा कारभार त्यांच्याच हातात. खाली लिहिलं होतं, ‘गावची लेक डॉक्टर झाली’. दुसऱ्या दिवशी दूध काढायच्या वेळेला एक म्हातारी गुडघा धरून वस्तीवर हजर. मी म्हटलं, आजी, मी गोळ्या देणारी डॉक्टर नाही, रोग कुठनं येतो आणि कसा पसरतो ते शोधते. म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आईला विचारलं, "मग येवढी वर्सं पुण्यात काय करत हुती गं ही?"

तिचं मी मनावर घेतलं नाही, तिचा गुडघा खरंच दुखत होता. बाकीच्यांचं मात्र सगळं मनावर घेतलंय आणि अजून ठेवलंय. लोक म्हणतात वय वाढलं की राग निवळतो. माझा काही निवळला नाही, आणि निवळावा असं कारणही अजून कुणी दिलेलं नाही.

बारावीनंतर मी रोज एसटीनं बारामतीला कॉलेजला जायचे. तात्यांचा विरोध होता. "पोरगी शिकून कुणाचं घर भरनार? दुसऱ्याचंच ना?" आईनं एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, "भावजी, तिचं घर तिला भरू द्या की." तात्या महिनाभर आईशी बोलले नाहीत आणि आईनं तो महिना मजेत घालवला. मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. पुढं पुण्याला गेले तर तिथं वेगळेच तात्या भेटले, पँटशर्टातले. आमच्या सरांनी चांगले विषय पोरांना वाटले आणि माझ्याकडं बघून हसत म्हणाले, "तुम्ही ब्रुसेला घ्या. गोठ्याची सवय आहे तुम्हाला." सगळी लॅब हसली.

अंगाची नुसती लाहीलाही झाली. पण विषय घेतला, आणि असा घेतला की पुढं त्याच लॅबमध्ये ब्रुसेलाचं काही अडलं की माझ्याकडं यावं लागायचं. सरही यायचे, पण आधी खोकायचे.

ब्रुसेला हा गुराढोरांचा जंतू. हा झाला की गाय गाभडते, म्हणजे पोटातलं वासरू दिवस भरायच्या आधी टाकते. त्या वासरात, त्यामागून पडणाऱ्या वारेत, म्हणजे नाळेच्या गोळ्यात, आणि न तापवलेल्या दुधात हा जंतू खच्चून भरलेला असतो. माणसाला लागला की संध्याकाळी ताप चढतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, सकाळी माणूस बरा दिसतो. त्यामुळं घरचे म्हणतात नाटकं करतोय. बाई पोटुशी असेल तर तिचंही पोट पडू शकतं. एवढं समजायला पीएचडी लागत नाही, पण आमच्या घरात एवढंही कुणी ऐकून घेतलं नाही.

पुण्यातली नोकरी सोडून मी बारामतीतल्या एका प्रयोगशाळेत आले. पुण्यातल्यांना वाटलं हिचं डोकं फिरलं आणि गावातल्यांना वाटलं हिला पुण्यातनं काढलं. मी मोरगावच्या बाजूला शेळ्यांचं आणि शेळ्या राखणाऱ्यांचं रक्त गोळा करत उन्हातान्हात फिरले. तिथला एक आबा मला म्हणाला, "शेळीचं रगात न्यायचं तर न्ये. आमचं कशापायी? आमी काय शेळ्या हाय का?" पण तासाभरानं बाही वर करून तोच पहिला बसला, कारण माझं म्हणणं त्यानं ऐकून तरी घेतलं होतं. परके ऐकायचे, घरचे नाहीत. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

घरी जेवायला बसलं की मी सांगायचे: दूध उकळा, गाय गाभडली तर त्याला उघड्या हातानं शिवू नका, वार खोल पुरा, वर चुना टाका. तात्या भाकरी मोडत म्हणायचे, "आमचं बापजादं गाईखाली बसून धारोष्ण प्याले. त्यास्नी काय झालं न्हाय." मी एकदा विचारलं, तुमच्या आईची किती मुलं गेली? ताटावरनं उठले. बरोबरच आहे, ते कुणी मोजलंच नव्हतं.

आता वहिनीकडं येते, कारण हे सगळं तिच्यासाठीच सांगतेय.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. कामाला वाघीण आणि बोलायला मुकी. तिचं पोट दोनदा पडलं. पहिल्या वेळी बायका हळहळल्या, दुसऱ्या वेळी कुजबुजायला लागल्या. तिसऱ्यांदा असंच झालं तर दादाला दुसरी बायको करायची, हे तात्यांनी आईला सरळ सांगितलं होतं, चहा पीत पीत. आणि उपाय म्हणून आपल्या घराण्यातली रीत त्यांनी पहिल्या वेळेपासूनच बाहेर काढलेली होती.

आमच्या बांधावर वड आहे. गाय व्याली की तिची वार गोणपाटात गुंडाळून वडाला टांगायची. वडाला चीक असतो, म्हणून गाईला दूध चढतं, असं म्हणायचं. हे आणखी बऱ्याच गावांत करतात. पण आमच्या भावकीत त्याला पुढचं शेपूट आहे: ज्या सुनेच्या पोटात पोर राहत नाही, तिनं स्वतःच्या हातानं वार गोळा करायची आणि वडाला बांधायची. गाईचं भरलेपण सुनेला लागतं म्हणे. लागतं, खरंच लागतं! फक्त काय लागतं ते मला विचारा.

पहिलं पोट पडल्यापासून गोठ्यात गाय व्याली की वहिनीला बोलवायचे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर मी थयथयाट करीन हे त्यांना माहीत होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

एका रविवारी मी स्कूटी घेऊन गावी गेले. वस्तीच्या वळणावर वड लागतो. वडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत तात्या बसले होते आणि वहिनी पदर खोचून पाय उंचावून फांदीला सुतळी बांधत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, लालसर. गोणपाटातनं थेंब गळून तिच्या मनगटावर पडत होते.

"कुठली गाय व्याली?" मी स्कूटी न लावताच विचारलं.

"व्याली न्हाय, गाभडली," तात्या म्हणाले. "सातव्यात टाकलं वासरू. पर वार ती वारच."

माझ्या हातातनं स्कूटी आडवी झाली. मी वहिनीला दंडाला धरून हौदावर नेलं, साबण लावून तिचे हात घासले, पुन्हा घासले. डाळिंबाच्या बागेत काटे लागून तिच्या हातांवर ओरखडे पडले होते, काही ताजे; जंतूला आत शिरायला एवढी वाट पुरते. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. आई नंतर म्हणाली, बरं झालं आठवत नाही.

हात धुताना वहिनी माझ्या कानाशी लागली. "वन्सं, रागावू नका. मला दुसरा म्हैना हाय."

तीन महिने होईस्तोवर कुणाला सांगायचं नसतं. दृष्ट लागते. म्हणून ती बोलली नव्हती. तात्यांना माहीत होतं, आईला माहीत होतं, दादाला माहीत होतं. या एका जंतूवर उभं आयुष्य घालवलेली बाई तेवढी बाहेर ठेवली होती.

"ताप येतो का गं तुला?" मी विचारलं.

"दिवेलागणीला येतो की. लई म्हैनं झालं. घाम बी येतो, पाठ धरती. तात्या म्हणत्यात, कामाचा कंटाळा."

मी तिचं रक्त तिथंच स्वयंपाकघरात काढलं. डबीत सुया, नळ्या असतातच माझ्या. तात्या दारात उभे राहून बोलले, "घरातल्या माणसाचं रगात तपासती व्हय? आन् उद्या भायेर बोंब मारशील, की आमच्या गोठ्यात रोग हाय?"

"रोग असला तर मारीनच."

"सोताला लेकरू न्हाय, संसार न्हाय. दुसरीच्या पोटाची कशाला उसाभर?"

हे वाक्य ते कधीतरी म्हणणार हे मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ते माझ्यासाठी जपून ठेवलेलं असावं. झोंबलं. खोटं कशाला बोलू, फार झोंबलं. पण हातात रक्ताची नळी होती आणि ती हलवायची नसते, म्हणून मी गप्प राहिले.

ही चाचणी साधी आहे. रक्तावरचं पिवळसर पाणी घ्यायचं, त्याचा एक थेंब काचेवर ठेवायचा, त्यात गुलाबी द्रवाचा थेंब मिसळायचा आणि काच हातानं हळूहळू डोलवायची. रक्तात काही नसेल तर थेंब सरळ गुलाबी राहतो. असेल तर फाटलेल्या दुधासारखे कण धरतात. असे किती थेंब मी डोलवले असतील! पण त्या दिवशी बारामतीत एकटी बसून वहिनीचा थेंब डोलवताना मी देवाला म्हणत होते, गुलाबी राहू दे. मी देव मानत नाही, तरी म्हणत होते. थेंब बघता बघता फाटला. मग पक्की करणारी दुसरी चाचणी लावली, तीही तेच म्हणाली.

पहिली दोन पोटं कशानं पडली ते मी शपथेवर सांगणार नाही. तेव्हा कुणी तपासलंच नव्हतं, आणि पुरावा नसताना बोलायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. तिसरं मात्र माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मी तशीच गावी गेले, घरात निकाल सांगितला आणि वहिनीला म्हटलं, कपडे भर. तात्या आडवे आले. "बारामतीची औषधं पोटातल्या पोराला मारत्यात." मी दादाकडं वळले. तो खांबाला टेकून जमिनीकडं बघत होता. लहानपणापासून हा असाच, मूग गिळून. म्हटलं, "दादा, एकदाच बोल. तुला बायको पाहिजे का तात्या पाहिजेत?" त्यानं खांब सोडला. आत गेला, वहिनीची पिशवी घेऊन आला आणि स्कूटीच्या पुढच्या जागेत ठेवली. त्याच्यापरीनं ते भाषणच होतं.

बाळंतपण होईपर्यंत वहिनी माझ्या फ्लॅटवर राहिली. बारामतीतल्या डॉक्टरीणबाईंनी पोटुशीला चालतील अशी औषधं निवडून दिली. त्यातल्या एका गोळीनं लघवी केशरी होते. मी आधी सांगून ठेवलं होतं, तरी पहिल्या दिवशी वहिनी मोरीतनं किंचाळत आली, "वन्सं, हळद पडतीया!" मी हसले. तीही हसली. लग्नानंतर मी तिला पहिल्यांदाच तोंड उघडून हसताना पाहिलं. हळूहळू संध्याकाळचा ताप थांबला. गेल्या दोन्ही वेळी ज्या महिन्यात घात झाला होता तो महिना आला, तेव्हा ती पलंगावरनं खाली पाय ठेवायला तयार नव्हती. रोज सकाळी मला विचारायची, "आज राहील ना?" मी राहील म्हणायचे. हे म्हणायला माझ्याकडं पुरेसा पुरावा नव्हता. तरी म्हणायचे.

राहिलं. मुलगी झाली, चांगली ठणठणीत, आवाज असा की वॉर्डातल्या सगळ्यांना कळावं. तिचंही रक्त तपासलं, स्वच्छ होतं.

बारसं गावी केलं. मंडप, जेवणं, सगळी भावकी. पाळण्यात नाव ठेवून झालं आणि तात्या माईक घेऊन उभे राहिले. त्यांना माईक दिसला की राहवत नाही. म्हणाले, "लोक हसत हुती आमाला. पर सुनबाईनं सोताच्या हातानं वडाला वार बांधली, म्हनून आज ह्यो दिवस दिसला. व्हय का न्हाय गं, सुनबाई?"

सगळा मंडप वहिनीकडं बघायला लागला. मीही बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. गोळ्या माझ्या हातानं घेतल्या, थरथरत रात्री काढल्या, आता तरी बोलेल. वहिनीनं पदर पुढं ओढला आणि म्हणाली,

"व्हय, तात्या."

मी उठून बोलायला लागले. म्हटलं, हे खोटं आहे, वार बांधली म्हणूनच ती आजारी होती. मावश्या, काकवा सगळ्या अंगावर आल्या. "बारशात अभद्र बोलू ने गं!" आईनंही हात धरून खाली बसवलं. माईकवर गाणं लागलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, इथं तर चोराला मंडपही होता.

स्वयंपाकघरात मी वहिनीला गाठलं. "का म्हणालीस?"

ती दूध तापवत होती. उतू जाऊ नये म्हणून चमचा फिरवत, खाली बघत म्हणाली, "तुमी सांच्याला बारामतीला जाल, वन्सं. मला हितं ऱ्हायाचंय."

खरं होतं ते. पण मला तेव्हा खरं ऐकायचं नव्हतं. मी न जेवता निघाले आणि पुढं बरेच दिवस तिचा फोन उचलला नाही. इतकी वर्षं मी लोकांच्या अडाणीपणावर चिडत होते, पण ही अडाणी नव्हती. हिला माहीत होतं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं.

मग एके दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या दारात वहिनी उभी. कडेवर पोरगी, मागं भावकीतलीच एक सून, नवी, जेमतेम विशीतली. एसटीनं आल्या होत्या. सुनेनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

"हिला बघा," वहिनी म्हणाली.

"काय होतंय?"

सुनेनं हात पदरात आणखी आत ओढले. वहिनीच बोलली. "हिचं बी एकदा पडलं. आता परत राहिलंय. तात्यांनी बारशात सांगितलं तवापास्नं हिच्या सासूनं धोशा लावला. त्यांची म्हस गाभडली, तिची वार हिनं बांधली. आता ताप येतोय."

मी त्या पोरीला विचारलं, "बांधायच्या आधी मला विचारावंसं नाही वाटलं?"

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "तुमच्या वयनीला गुण आला की हो," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं मंडपात."

मी वहिनीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर काय बोलले असते देव जाणे. बाही वर कर म्हटलं, रक्त काढलं, त्या पोरीला बाहेर बाकावर बसवलं आणि कामाला लागले. वहिनी पोरीला घेऊन माझ्याजवळ उभीच राहिली. जा म्हटलं तरी हलेना. काचेवर थेंब ठेवला, गुलाबी मिसळलं, काच डोलवायला घेतली.

थेंब फाटला. कण कण झाला.

"म्हंजी हाय?" वहिनीनं विचारलं.

"आहे. पक्कं करायला अजून एक चाचणी लावीन. पण आहे."

"माझं बी आसंच झालं हुतं?"

"असंच."

ती त्या काचेकडं बघत राहिली. तिनं हे कधी पाहिलंच नव्हतं. मी तिला फक्त सांगितलं होतं. मग तिनं पोरगी माझ्या कडेवर दिली आणि कमरेचा फोन काढला. मी म्हटलं, अगं, कुणाला लावतेस? तोवर तिनं नंबर लावलाही. स्पीकर सुरू होता की चुकून लागला ते मला अजून माहीत नाही. तात्यांचा आवाज आला, "हां, बोल सुनबाई."

"तात्या," वहिनी म्हणाली, "बारशात मी लबाड बोलले. माझं पोट गोळ्यांनी टिकलं. वारेनं मला ताप दिला, आन् आता ह्या पोरीला बी दिला. मी हे आज वडाखाली समद्यांसमोर सांगनार हाय. तुमाला आधी सांगितलं."

पलीकडं लांब कुठंतरी गाय हंबरली. मग फोन कट झाला.

माझ्या कडेवरची पोरगी माझा चष्मा ओढत होती. वहिनीनं नाक पदराला पुसलं, माझ्याकडं बघितलंही नाही, आणि तोच नंबर परत लावला.